कॅबिनेटवरची दोन बोटं

सासूबाई सहा महिन्यांसाठी ऑकलंडला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात माझं स्वयंपाकघर त्यांचं झालं. मसाल्याचे डबे हलले, कुकरची जागा बदलली, पडदेसुद्धा त्यांनी उतरवून धुतले आणि आपल्या मनासारखे लावले. नवरा म्हणाला, "चिल कर ना, शी मीन्स वेल." मी चिल केलं नाही. मी गॅरेजमध्ये गेले.

हिल्सबरोच्या त्या घरात गॅरेज तेवढं माझं उरलं होतं. तिथे मी कॉम्प्युटरचं एक जुनं कॅबिनेट घासत होते. हेन्डरसनमधल्या कुणाकडून सेकंडहँड आणलेलं, काळं, ओबडधोबड. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या सिस्टिम्स सांभाळायच्या. हे एक मशीन मला माझ्या हातांनी, माझ्या रंगात हवं होतं. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू नये, एवढीच माझी अट होती.

रिव्हेट ड्रिलने उडवून मी ते सुटं केलं. वरच्या पत्र्यात मोठ्या पंख्यासाठी गोल भोक कापलं, त्याच्या कडा कानशीने घासल्या, नको असलेल्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. मग पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक, मग पाणी लावून. सासूबाई नवऱ्याच्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून दारात उभ्या राहायच्या. "पत्र्याचा डबाच ना तो? एवढं घासून भांडी तरी लख्ख झाली असती." मी पेपर आणखी जोरात चालवायचे. एकदा त्यांनी त्यावर ओले अभ्रे वाळत घातले, तेव्हा मी सगळ्यांदेखत बजावलं, "आई, याला कुणीही बोट लावायचं नाही. हाताचं तेल लागलं की रंग धरत नाही."

"नाही हो लावत," त्या म्हणाल्या. त्या 'हो'मध्ये काय होतं ते सुनांना सांगायला नको.

इथे दसरा वसंतात येतो. आदल्या दिवशी शनिवार होता, पाऊस थांबलेला, वारा नाही. रंग मारायला असा दिवस ऑकलंडमध्ये मिळणं मुश्किल. सकाळीच मी सगळे पत्रे थिनरने पुसून टेबलावर मांडले आणि प्रायमर आणायला पेनरोजला गेले. परत आले तर नवऱ्याच्या गाडीला फुलांची माळ, लॉनमोअरला हळदकुंकू, ड्रिलला हळदकुंकू, आणि माझ्या कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर, अगदी मधोमध, एक बोट हळदीचं, एक कुंकवाचं. नीट चिकटावं म्हणून तेलात कालवलेलं.

माझं डोकंच फिरलं. "आई, बोट लावू नका म्हणून सांगितलं होतं ना!"

"बोट कुठे लावलं? पूजा केली. खंडेनवमी आहे आज."

"विचारायचं तरी!"

"घरातल्या सगळ्या हत्यारांची केली. तुझंच तेवढं वगळायचं होतं का?"

मी हाताला आलं ते फडकं उचललं आणि त्यांच्यासमोर सगळं खसाखसा पुसलं. त्या आत गेल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण फडक्याने तेल निघालं नाही, घासलेल्या पत्र्याच्या ओरखड्यांत मुरलं. थिनरने पुसून प्रायमर मारला, तर त्या दोन जागी तो धरेचना. घासलं, पुन्हा मारला, पुन्हा तेच. शेवटी वैतागून वरून निळा रंग चढवला. सगळं कॅबिनेट आरशासारखं झालं आणि मधोमध दोन खळगे तसेच राहिले.

उरलेले दिवस आम्ही एकमेकींशी मीठ-साखरेपुरतं बोललो. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला, त्यांनी "सुखी राहा" म्हटलं. दोघींनीही ते नवऱ्यासाठी केलं.

यंदा खंडेनवमीला त्यांचा व्हिडिओ कॉल आला. नवऱ्याने गाडी दाखवली, लॉनमोअर दाखवला. मग फोन माझ्या हातात आला.

"आणि तुझा डबा?" त्यांनी विचारलं. "की त्याला यंदाही बोट लावायचं नाही?"

मी त्या कॅबिनेटच्याच शेजारी बसले होते. राग होताच, आजही आहे. मी कॅमेरा वळवला आणि त्या दोन खळग्यांजवळ नेला.

"त्याला लावायची गरज नाही, आई," मी म्हणाले. "गेल्या वर्षीचं अजून निघालेलं नाही."