पहिल्या धुण्यात

गांधीबागेच्या कापडबाजारातल्या शेठजीच्या दुकानात कापड घेताना माझी बायको दरवेळी विचारायची, "शेठजी, रंग तर नाही जात ना?"

तो कापड चिमटीत चोळत हसायचा. "पहिल्या धुण्यात थोडा जाते वहिनी, मंग एकदम पक्का."

पक्का एकही निघाला नाही.

आता तो पुढारी झालाय. परवा मतं मागायला आमच्या दारात आला आणि बोलता बोलता माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत चोळू लागला. बायकोची नजर त्याच्या गळ्यातल्या पक्षाच्या दुपट्ट्यावर होती.

"शेठजी, मागच्या निवडणुकीत दुसराच रंग होता न?"

तो तसाच हसला. "ते पहिलं धुणं होतं वहिनी. आता पक्का."

जाताना त्यानं माझा हात दाबला. मी मोरीत जाऊन हात धुतले आणि वाहणारं पाणी निरखत राहिलो.