उजेडाला न दाखवायची पेटी

माळावरून चालून आलं की लुगड्याला कुसळं चिकटतात, तसे फिरतीवर किस्से चिकटतात. घरी काढत बसावं, तर एखादं मात्र निघतच नाही.

दुष्काळ सरल्यावरचा चैत्र. हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडला होता. खाली क्ष-किरण मोजणारी पेटी. जीपमधून त्याच्या मागावर आम्ही तिघं: आमचे सर, ड्रायव्हर करीमभाई आणि नुकतीच एम.एस्सी. झालेली, वायरलेस खरखरला तरी दचकणारी मी.

*

वारंगा फाट्यावर चहावाल्यानं विचारलं, "सायेब, काय शोधून राहिले?"

सर रंगात आले. "फार लांब दीर्घिकांचा एक झुबका आहे. एकेकीत अब्जावधी तारे! त्यातली एक पोटातून धगधगतेय. ती नेमकी कोणती, तेच शोधतोय."

चहावाला कप विसळता विसळता थांबला. "कोन्त्या तालुक्यात येतंय ते?"

*

जवळा बाजारला फुगा दिसला. भर दुपारी, विरघळत चाललेल्या चंद्रासारखा. अख्खा आठवडी बाजार माना वर करून उभा. मला तर पायाखाली जमीनच नाही असं वाटलं.

"ओ बाई!" बांगडीवाली खेकसली. मी दचकलेच. "तुमचा फुगा उतरवा आधी. गिऱ्हाईक वरच बघून राहिलंय!"

*

संध्याकाळी पेटी पॅराशूटनं सेनगावकडं उतरली, आणि माझा जीव टांगणीला लागला. पेटीतल्या कॅमेऱ्यानं आदल्या रात्री ताऱ्यांचे फोटो घेतले होते. किरण कुठल्या दीर्घिकेचे, ते त्यावरूनच कळणार. कुणी झाकण उघडलं की फिल्म गेली, वर्षभराचं काम गेलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर पांढरं काही दिसलं की मी ओरडायचे, "पॅराशूट!" एकदा करीमभाई उतरून बघून आले.

"मॅडम, ये पॅराशूट तो दूध देता है!"

सर म्हणाले, "आणि अंधुक ठिपके ओळखायला मी हिलाच निवडलंय!"

*

साखरा गावात पॅराशूट बाभळीवर लोंबत होतं. पेटी नव्हती.

"चौघांनी उचलून सुनंच्या खोलीत ठिवली," एक म्हातारी म्हणाली. "गडीमानसं भाईरच थांबा. बाळंतीण हाय."

मी एकटीच आत गेले. खिडकीला पोतं, दाराला गोधडी. गर्द काळोख, त्यात ओव्याचा वास. हळूहळू बाज दिसली, बाळंतीण दिसली, कुशीतलं लेकरू दिसलं. आणि बाजेला खेटून, लुगड्यात गुंडाळलेली आमची पेटी!

"वर लिवलंय नव्हं, उजेड लागू देऊ नका," ती कुजबुजली. "सातवी शिकले मी. गावात एवढाच अंधार व्हता."

मी लुगड्यात हात घालून चाचपलं. झाकणाचं सील शाबूत! मला रडूच फुटलं.

"काय हाय वो ताई ह्याच्यात?"

"लई लांबचा उजेड," मी म्हणाले.

तिनं लेकराच्या अंगावरचं सारखं केलं, मग पेटीवरचं.

"मंग उजेडाला उजेडाचं भ्या काहून?"