तिसऱ्या गिअरवर शेवगाव

मागच्या सीटवर दोन उशा, एक चादर आणि पायाखाली घ्यायला बुटका पाट, एवढी तयारी करून मी सकाळी पुण्याहून निघाले. पाट आईसाठी. गुडघ्यांमुळे तिला गाडीत चढता येत नाही. मागच्या आठवड्यात तिनं शेवगावहून हलक्या आवाजात फोन केला होता. "मला घेऊन जा गं इथून. दिवसभर कुनी बोलत न्हाई माझ्याशी." आई धाकट्या भावाकडे, बाळूकडे, राहते. मी लगेच त्याला कळवलं. तो म्हणाला, "ये की. बघू." त्याचं 'बघू' मला चांगलं ठाऊक आहे. मुलगा असताना म्हातारी लेकीकडे राहिली तर गाव काय म्हणेल, ही त्याची चिंता. म्हातारी काय म्हणते, ही नाही.

माझी गाडी जुनी, पण ऑटोमॅटिक. डावा पाय लहानपणापासून अधू, क्लच झेपत नाही. या गाडीमुळे मला कधी कुणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागल्या नाहीत. तिला चार गिअर. चौथ्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. मोकळा रस्ता मिळाला की तो आपोआप पडतो, इंजिनाचा आवाज खाली येतो आणि गाडी निवांत पळते. त्या दिवशी शिरूर मागं पडलं तरी तो पडेना. इंजिन नुसतं बोंबलत होतं. गिअरच्या दांड्याला ओव्हरड्राइव्ह बंद-चालू करायचं बटण असतं. पर्सचा धक्का लागून ते दाबलं गेलं असेल म्हणून दाबून पाहिलं, सोडून पाहिलं. छे! शहरात घर ते ऑफिस करताना चौथ्याची वेळच येत नाही, त्यामुळे हे दुखणं कधीपासूनचं तेही कळेना.

सुप्याला चहाला थांबले. कारखान्यातली पाळी सुटली होती, टपरीवर गर्दी होती. मी बॉनेट उघडताच एक टेम्पोवाला पुढं आला आणि माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाला, "साहेब कुठं गेले?"

"साहेब नाहीत. मीच आहे. बोला."

तो जरा वरमला. "बॅटरीची तार काढून ठिवा थोडा येळ. माझ्या मेव्हन्याच्या गाडीला आसंच हुतं."

काढली. चहा होईपर्यंत तशीच ठेवली, मग घट्ट लावली. आणि काय सांगू, पुढच्या सरळ रस्त्यावर चौथा पडला! मी एकटीच गाडीत ओरडले. गाडी कडेला घेऊन आईला फोन केला. "जेवायच्या वेळेला पोचते गं."

"मी पिशवी भरून ठिवलीया," ती म्हणाली. "तांबडं लुगडं नेसू का?"

"नेस की!"

कामरगावचा घाट लागला आणि गिअर पुन्हा तिसऱ्यावर येऊन बसला. मग मात्र काही केल्या हलला नाही.

पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगरच. नगरला मला एकच गॅरेज माहीत होतं, तेही बाळूमुळे. दिवाळीत आईला नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून तो पुण्याहून माझी गाडी घेऊन गेला होता, आणि चार दिवसांनी परत आणून दिली तेव्हा "सर्व्हिसिंग करून आनलीया, ताई" म्हणत मिरवला होता. मी त्याला शाबासकी दिली होती. कप्पाळ माझं!

गॅरेजच्या मिस्त्रीनं गाडी बघितल्याबरोबर ओळखली. इंजिन चालू ठेवून त्यानं गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली, फडक्यानं पुसली, पुन्हा बुडवली आणि माझ्या नाकाशी धरली. "ह्ये लाल पायजे, सरबतावानी." पट्टीवर काळपट तेल होतं आणि दूध करपल्यासारखा वास येत होता. मग इंजिन बंद करून त्यानं चावी फिरवली. चावी फिरवली की समोरचे सगळे दिवे एकदा लागतात. सगळे लागले, ओव्हरड्राइव्हचा लागला नाही.

"हा का लागत नाही?" मी विचारलं.

तो हसला. "त्यो मीच काढला की! गिअरबॉक्समधी बिघाड झाला की त्यो उघडझाप करतो. तुमचे भाऊ आले तवा सारखा करत हुता. करंजीच्या घाटात कुना दोस्ताचा कांद्याचा पिकअप बंद पडला हुता. ह्यांनी जाड सोलाचा दोर बांधून त्यो घाटाच्या वर ओढला. ऑटोमॅटिकनं कुनी वझं ओढतं व्हय? तेल करपलं. मी म्हनलं, खोलावा लागंल. ते म्हनले, खोलू नको, तेवढा दिवा काढ. ताई शहरात चालवती, तिला काय कळतंय."

तिला काय कळतंय! अंगाची नुसती लाही लाही झाली. "आणि तुम्ही काढलात?"

"गिऱ्हाईक म्हनल्यावर काढायचा." त्यात काही चुकलं असं त्याला वाटत नव्हतं.

"आधी तो लावा," मी म्हटलं. त्यानं डब्यातून शोधून एक दिवा बसवला. इंजिन चालू केल्यावर थोड्या वेळात तो उघडझाप करू लागला. तेल बदलण्यात दुपार सरली. "शेवगावला पोचाल," तो म्हणाला. "साठच्या वर नेऊ नका. पर येताना घाट चढायचाय. म्हातारं मानूस संगं आसंल तर मी न्हाई म्हनंन."

करंजीचा घाट उतरले. खाली दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, मधे कांद्याचे हिरवे तुकडे. एरवी हा पट्टा दिसला की मला गाणं सुचतं. त्या दिवशी एसटीनंसुद्धा मला मागं टाकलं, आणि मी घाटात गाडीला दोर बांधणाऱ्या बाळूला मनातल्या मनात शिव्या घालत राहिले.

पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आई तांबडं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. पिशवी शेजारी, आणि पिशवीच्या पलीकडे बाळू.

"उशीर केलास," आई म्हणाली.

मी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. बाळूनं ऐकून घेतलं. "दोस्त अडचनीत हुता. सोडून जाऊ व्हय?"

"आणि दिवा?"

"तुला घोर नको म्हनून." मग गाडीकडे हात करून म्हणाला, "आन् आसल्या गाडीत मी आईला पाठवनार न्हाई. घाटात बंद पडली म्हंजी?"

मोडली त्यानं, आणि आता मोडकी म्हणून नावं ठेवणाराही तोच! "मग भाड्याची गाडी करते. आत्ता. आई, ऊठ."

आई उठली नाही. पदराचं टोक चाळवत बसली. "दिवा काढला तवा मी हुते गाडीत," ती म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्यानं नको म्हनून सांगितलं." मग बाळूकडे बघत म्हणाली, "सकाळी तुझा फोन ठिवला आन् त्यो हितं येऊन बसला. तवापासनं अन्नाला शिवला न्हाई. दुपारी आली आसतीस तर मी निघालेच हुते बग. आता त्याला उपाशी ठिवून कशी येऊ? गावात तोंड दाखवायचं आसतं त्याला."

ती आत गेली. पिशवीतली लुगडी काढून खाटेवर ठेवली आणि त्याच पिशवीत माझ्यासाठी ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी भरली. बाळू जेवायला बसला. शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची वळून रश्श्यात शिजवलेली) होती, माझ्या आवडीची. माझ्या उपाशी राहण्यानं त्या घरात काही बदलणार नव्हतं, म्हणून मीही दोन घास खाल्ले.

परतताना पिशवी उशांवर ठेवली. घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढले. गाडी बंद पडली नाही. सगळा रस्ता तो दिवा डोळ्यांसमोर उघडझाप करत होता. आमच्या घरात बिघाड दुरुस्त करायची रीतच नाही, दिवा तेवढा काढतात, आणि मला राग याचा होता की आईलाही ते काम जमतं.

पुण्यात शिरले तोच तिचा फोन आला. गाडी बाजूला घेतली.

"पोचलीस का? गाडीनं तरास न्हाई ना दिला?"

"नाही गं. छान चालली." मग मी विचारलं, "तू बरी आहेस ना? बोलतात ना सगळे?"

"व्हय तर," आई म्हणाली. "आत्ताच समदी बसलो हुतो बोलत."

तिच्या मागं घरात कसलाही आवाज नव्हता.