पाठीमागची गादी

नव्या कापसाच्या गादीचा वास आला की मला काकांची लाल इटालियन मोटारसायकल आठवते. साठीच्या दशकातली गोष्ट. आजारी काकूला नंदुरबारहून उपचारासाठी सुरतेला न्यायचं होतं आणि बसचे धक्के तिला सोसत नव्हते, म्हणून काका मोटारसायकल घ्यायला गेले. विकणारा म्हणाला, ही शर्यतीची गाडी आहे, लांबच्या प्रवासाला ती दुसरी घ्या. पण काकांनी बैल घेताना फिरवतात तसा दोन्ही गाड्यांवरून हात फिरवला, इंजिन सुरू करून मागच्या सीटवर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला, आणि जिच्यावर पाणी कमी हिंदकळलं ती लाल गाडी घरी आणली. घरच्या कापसाची गादी शिवून मागे बांधली. काकू तिच्यावर एकदाच, अंगणात बसली. सुरतेला निघायच्या आधीच ती गेली. पुढे मी कॉलेजच्या सुटीत आलो, तेव्हा काका मला त्या गादीवर बसवून शेताकडे निघाले. प्रत्येक खड्ड्याला गाडी हळू करून मागे न बघता अहिराणीत विचारायचे, "तुले लागनं का? सुरत जवळ उनी, धीर धर." सुरत जवळ आली म्हणे, आणि समोर आमचंच शेत दिसत होतं. मी कसंबसं म्हणालो, "नही लागनं." आता मी मुलाच्या स्कूटरवर मागे बसतो, आणि खड्डा आला की कोणी न विचारताच माझ्या तोंडून निघतं, "नही लागनं."