दोन आवाजांचं बोनेट

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे. कोणत्या गाडीला मी जुना पार्ट नवा म्हणून लावला, कोणाचा डेंट ठोकून न काढता पुट्टी भरून झाकला—सगळं. भांडण झालं की ती एकेक बाहेर काढते. पण झनककाकांच्या बोनेटचं तिलाही माहीत नाही. माझ्या मायला सांगीन सांगीन म्हणत राहिलो, ती गेली. तुम्हाला सांगून राहिलो. काऊन तुम्हालाच, ते विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं पुरे.

आधी धंद्याचं सांगतो. त्याच्यावर माझा राग आहे, आणि राग असला की मला बोलता येतं.

गोंदियात मुर्रीच्या रस्त्यावर माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. २००८-०९ च्या आसपास पोरांच्या डोक्यात एक खूळ शिरलं—गाडीचं चांगलं लोखंडी बोनेट काढायचं आणि त्या जागी काळं, चकचकीत, विणीची नक्षी असलेलं कार्बन फायबरचं बोनेट बसवायचं. माल नागपूरहून यायचा. देणारा म्हणायचा, "भाई, ओरिजनल जैसाच है." जैसा! या एका शब्दावर किती जणांनी माड्या चढवल्या असतील? खरं कार्बन फायबर म्हणजे काळ्या धाग्याचं कापड, थरावर थर, वाळून दगड होणारं रेझीन पाजून, आतली हवा ओढून घट्ट दाबलेलं. वजनाला हलकं आणि ताकदीला लोखंडाच्या वर. आमच्याकडे काय यायचं? पाण्याच्या टाक्या करतात ते साधं फायबर, आणि वरून कार्बनचा एक पातळ थर. कधी तोही नाही, नुसती छापील नक्षी चिकटवलेली. उलटं करून पाहिलं तर पोट सगळं खरबरीत, कुठं जाड, कुठं इतकं पातळ की सूर्यासमोर धरलं तर उजेड आरपार. आमच्याकडच्या मे महिन्यात दोन उन्हाळे निघाले की वरचा लेप पिवळा पडायचा, फोड यायचे, काठ सुटायचे. गिऱ्हाईक ओरडत आलं की मी तोंड वर करून म्हणायचो—उन्हात ठेवली असेल गाडी. गाडी उन्हात नाही तर काय देवघरात ठेवतात? पण लोक ऐकून घ्यायचे. हौस केलेली असते ना, मग आपणच फसलो हे कबूल करायची लाज वाटते. मी त्या लाजेवर धंदा केला.

पण पिवळं पडल्यानं कोणाचं वाटोळं होत नाही. मी ज्या गोष्टीपाशी यायचं टाळून राहिलो, ती गोष्ट कडीची आहे.

बोनेटच्या पुढच्या काठाला खालून एक लोखंडी कडी असते. बोनेट लावलं की ती कडी गाडीच्या लॉकमध्ये जाऊन अडकते. हायवेवर समोरून येणारी सगळी हवा बोनेट उचलायला पाहते आणि ती एवढीशी कडी ते धरून ठेवते. म्हणून चांगल्या मालात कडीच्या जागी फायबरच्या आत पोलादाची पट्टी घालतात. आमच्या मालात पट्टी नव्हती. नुसत्या रेझीनमध्ये नट खुपसलेले होते. हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

हेमराज माझा शाळेपासूनचा दोस्त. पंचायत समितीत बाबू. जुनी लाल कार घेतली होती त्यानं आणि तिला काळं बोनेट पाहिजे होतं. त्याचे वडील म्हणजे झनकलाल काका. आयुष्यभर एसटीचा लाल डब्बा चालवला त्यांनी, पण चाकाखाली कधी कोंबडी आली नाही. रिटायर झाल्यावर हेमराजची गाडी खरं तर तेच चालवायचे. मोहल्ल्यात कोणाची सून अडली, कोणाला रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायचं, तर लोक हेमराजला नाही, काकांना आवाज द्यायचे. मला स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं, तलावाच्या पाळीवर, शेजारी बसून, एकदाही न ओरडता. ते बोनेट पाहून म्हणाले होते, "लोखंड काढून हे टमरेल लावून राहिले का बे?" मी हसलो. विमानात हेच लावतात काका, असं मी त्यांना ऐकवलं. कोणाला ऐकवून राहिलो होतो मी?

कडी बसवताना एक स्क्रू फुकट फिरला. आवळतो, आवळतो, धरतच नाही. तिथंच थांबायला पाहिजे होतं. बोनेट परत पाठवायचं, नाही तर मागून पट्टी बसवून घ्यायची, नाही तर निदान पुढच्या दोन कोपऱ्यांत बाहेरून लॉकपिना ठोकायच्या. देणाऱ्यानं सुद्धा सांगितलं होतं की पिना लावून देत जा. पण पिना दिसतात. पिना दिसल्या की गिऱ्हाईक विचारतं की काऊन, कडी भरवशाची नाही का? म्हणून मी पिना लावायचोच नाही. मी फिरणाऱ्या स्क्रूवर रेझीन ओतलं, वाळू दिलं, आणि हेमराजला ऐटीत म्हणालो—हे नाजूक असते बरं, लोखंडासारखं आपटायचं नाही, दोन्ही हातांनी दाबून लावायचं. त्यानं मान डोलावली. किती भारी वस्तू, तिचे नखरेही भारी—असंच वाटलं असेल त्याला. आपटल्यावर नट उखडून येईल ही माझी भीती होती, आणि मी ती त्याला वापरायची रीत म्हणून विकली. असा मी हुशार.

त्या उन्हाळ्यात हेमराजच्या घरचे लग्नाहून परत येत होते. सडक अर्जुनीजवळ ढाब्यावर थांबले. काकांची जुनी सवय, लांबच्या रस्त्यावर मध्येच पाणी-ऑइल पाहायचं. त्यांनी बोनेट उघडलं, पाहिलं, लावलं. पुढं गाडी हेमराज चालवत होता, त्याची बायको सरितावहिनी शेजारी, काका मागं. थोडं अंतर गेले आणि बोनेट उडालं. समोरच्या काचेवर येऊन आदळलं, काच फुटली, हेमराजला काही दिसेना, गाडी रस्ता सोडून खाली शेताच्या धुऱ्यावर जाऊन आपटली. मरण कोणाला आलं नाही. सरितावहिनीचा उजवा हात मोडला—कोपरापासून मनगटापर्यंत. दोनदा ऑपरेशन झालं तरी तो सरळ झाला नाही, आजही वाकडाच आहे.

गाडी टोचन करून माझ्याच गॅरेजात आणली. दुसऱ्या कुठं आणतील? सगळे दवाखान्यात होते. भर दुपारची वेळ, मी एकटा. मी समोर वाकून पाहिलं आणि—

थांबा. हे एवढं वाक्य मी इतक्या वर्षांत तोंडातून काढलेलं नाही.

कडी लॉकमध्येच होती. पुरी अडकलेली, घट्ट. तिच्यावर तळहाताएवढा फायबरचा तुकडा, धागे लोंबणारा, बोनेटमधून उखडून आलेला. लॉकनं आपलं काम केलं होतं. काकांनी आपलं काम केलं होतं. त्यांनी लावलेलं बोनेट सुटलंच नव्हतं, ते फाटलं होतं. आणि फाटलं तिथं माझं रेझीन दिसत होतं, पिवळसर, गुळगुळीत, कशालाच न चिकटलेलं.

मी लॉकची तार ओढली. कडी सुटली. ती, तो तुकडा आणि तुटलेलं बोनेट मी भंगारात टाकलं आणि संध्याकाळच्या आत भंगारवाल्याला बोलावून उचलून न्यायला लावलं. एकदा तरी थांबलो का? नाही. तेच मला आज सहन होत नाही. मी बोल्ट काढावा तसं ते काम केलं, मग हात धुऊन दवाखान्यात गेलो आणि हेमराजला मिठी मारली.

तिथंच बाहेर बाकावर हेमराजनं विचारलं, कसं झालं असंल? मी म्हणालो, लॉक उघडं दिसते, बोनेट नीट लागलं नसंल. एवढंच. नाव घेतलं नाही कोणाचं. घ्यायची गरज होती का? शेवटचं बोनेट कोणी लावलं हे सगळ्यांना माहीत होतं.

काही दिवसांनी काका गॅरेजात आले. पायी. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"बाबू, मी लावलो होतो. दोन्ही हातानं दाबलो होतो. आवाज आला होता मले."

त्यांना तेवढंच पाहिजे होतं, की मी हो म्हणावं. दुनिया काहीही म्हणो, गॅरेजवाला हो म्हणाला की झालं. आणि मी काय केलं, सांगू? मी विचारलं, "काका, आवाज एक आला का दोन?"

ते विचारात पडले. डोळे मिटून आठवत राहिले. "एकच आला वाटते."

"मंग बरोबर. या बोनेटले दोन येतात. एक आला म्हणजे अर्धंच लागलं."

असं काही नसतं. कोणत्याच बोनेटला नसतं. मी ते तिथल्या तिथं, उभ्या उभ्या बनवलं, आणि ते बोलताना मला माझ्या हजरजबाबीपणाचं बरं वाटलं—हेही सांगतोच. काका म्हणाले, "मंग माह्याच हातून झालं." आणि निघून गेले.

त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. लोक बोलवायला यायचे, ते नाही म्हणायचे, मग लोकांनी बोलवणं सोडलं. घरात बसून राहायचे आणि घरातली प्रत्येक गोष्ट दोनदा लावायचे. दार लावलं की उघडायचे, पुन्हा लावायचे, कान देऊन ऐकायचे. कपाट तसंच, गॅसचं बटण तसंच, फाटकाची कडी तशीच. मोहल्ल्यातल्या पोरांनी त्यांना 'डबल आवाज' म्हणायला सुरुवात केली. पानठेल्यावर कोणी तरी त्यांची नक्कल करायचा—दार लावायचं, मान वाकडी करायची, कान द्यायचा. सगळे हसायचे. मीही हसायचो. हसलो नसतो तर कोणी विचारलं असतं का, की तू काऊन हसत नाहीस? नसतं विचारलं. कोणाला फुरसत होती?

आणि माझं काय झालं? माझं नाव झालं. हेमराजची गाडी मी फुकट दुरुस्त करून दिली, जुन्या गाडीवरचं लोखंडी बोनेट शोधून, रंगवून, बसवून. लोक म्हणाले, दिलदार माणूस, दोस्ती असावी तर अशी. मी ते ऐकून घ्यायचो. मला संताप येतो त्या लोकांचा—एकानंही विचारू नये की कडी कुठं आहे? बोनेट कुठं गेलं? जो माणूस आयुष्यभर बस चालवतो त्याला बोनेट लावता येत नाही, हे तुम्हाला पटलं कसं? आणि पटलं तेही माझ्या एका शब्दावर, ज्याच्या फोड आलेल्या बोनेटांवर तुम्ही रोज शिव्या घालत होता? म्हातारा आहे म्हणून? म्हाताऱ्याच्या डोक्यावर काहीही खपते म्हणून? पण हा संतापही मी लोकांवरच काढून राहिलो, पाहा. ते चुकले, कारण त्यांना मी चुकवलं.

सांगायची संधी आली नाही असं नाही. अशी किती वर्षं गेली. काका मला रस्त्यात भेटायचे, आणि प्रत्येक वेळी तेच आधी हात वर करायचे. कधी कधी वाटायचं, त्यांना संशय असावा. नव्हता. मी शिकवलेलं त्यांनी पुरं मान्य केलं होतं, जसं मी त्यांचं तलावाच्या पाळीवर मान्य केलं होतं.

काही वर्षांआधी काका गेले. तेरवीला मी होतो, पंगतीत वाढायला धरलं होतं मला. लोक उठून गेले, मग घरचे बसले, त्यात मीही बसलो. सरितावहिनी वाढत होती. त्या हातानं पातेलं उचलता येत नाही, म्हणून डाव्या हातानं पातेलं अंगाशी धरून ती उजव्या हातानं भात घालायची. हेमराज आत गेला होता. ती माझ्यासमोर थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुमालेच सांगते. बाबाले मी तोंडानं कधी काही बोलली नाही. पण मनातून मी त्यायले माफ नाही केली. रोज वाढताना हात दुखे, अन् मी मनात त्यायचं नाव घेऊ. आता ते गेले तं लय वाईट वाटून राहिलं."

मला उठता आलं असतं. तिथंच, तिच्यासमोर. घरात फोटोला हार घातलेला, उदबत्ती जळत होती, ऐकायला ती होती, हेमराज आवाज दिला तर आला असता.

मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी. म्हातारपण होतं. माफ करून टाका त्यायले."

तिनं डोळे पुसले आणि मला आणखी भात वाढला. मी तो सगळा जेवलो.