तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

१९८४ च्या एप्रिल महिन्यात, नेरूळच्या आमच्या घरी, माझ्या सासऱ्यांना सलग सहा दिवस शौचाला झालं नाही. सातव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, त्यांनी आपली ट्रंक भरली आणि रविवारी पनवेलहून नऊच्या एसटीने गावाला जाणार असल्याचं सांगितलं. गावच्या घराला कुलूप होतं. सासूबाई आदल्या वर्षी वारल्या होत्या. तिथे त्यांना पेज करून घालणारं कोणी उरलं नव्हतं, आणि एकदा गेले तर ते परत येणार नाहीत हे आम्हा दोघांना माहीत होतं.

ते अडुसष्ट वर्षांचे होते. कोकणात आयुष्यभर भातशेती केलेली. गुडघे सोडले तर प्रकृतीची तक्रार नव्हती. जानेवारीत ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हापासून आदल्या शनिवारपर्यंत त्यांचं रोजचं सगळं वेळच्या वेळी होत होतं.

त्या शनिवारी आमच्या इमारतीची पाण्याची मोटर जळाली. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढेना. खाली जिन्यापाशी एक नळ होता, त्याला सकाळी सहा ते साडेसात पाणी येई. नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होता. नळ येण्याच्या आत तो घरातून निघालेला असे. त्यामुळे पाणी मीच चढवत होते. रोज आठ बादल्या, प्रत्येक खेपेला चोपन्न पायऱ्या. सासरे दारात उभे राहून बादली आत घेत. जिना उतरायला मी त्यांना मनाई केली होती.

पोट साफ होत नाही हे त्यांनी सोमवारी सांगितलं, तेही विचारल्यावर. आजाऱ्याला हलकं द्यायचं, या समजुतीने मी भाकरी बंद करून साबुदाण्याची खीर, दूध-पाव आणि चहा-बिस्कीट सुरू केलं. सोमवारी रात्री गरम दुधात तूप दिलं. मंगळवारी वाण्याकडून इसबगोलचा डबा आणला. रात्री झोपताना दोन चमचे, असं डब्यावर लिहिलं होतं. मी चमचे मोजून त्यांच्या तळहातावर ठेवायचे आणि स्वयंपाकघर आवरायला जायचे. बुधवारी दोनाचे तीन चमचे केले.

गुरुवारी संध्याकाळी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, उलटी होते का, वारा सरतो का विचारलं, आणि सोमवारपर्यंत झालं नाही तर दवाखान्यात नेऊन एनिमा द्यावा लागेल असं सांगितलं. घरी आल्यावर सासऱ्यांनी चपला काढल्या. मग नवऱ्याला म्हणाले, "बिल्डिंगचा पंप यांना चालू करता येत नाय, नि माज्या पोटाला पंप लावायला निघालेत." दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक दारापाशी आली.

त्याच सकाळी भाजीवाली आली. आमच्या वसाहतीच्या मागे आगऱ्यांचं जुनं गाव होतं, तिथली ती. नवरा मिठागरात कामाला, आणि ती घरामागच्या तुकड्यात पालेभाजी लावून इमारतींत विकायची. साठीच्या आसपास असेल. आम्ही तिला मावशी म्हणत असू. तीन मजले चढून ती उंबऱ्याशी टेकली आणि पाणी मागितलं. सासरे उठले. त्यांनी पिंपातून तांब्या काठोकाठ भरून तिच्या हातात दिला. ती प्याली, उरलेलं पाणी तिने त्यांच्यापुढे केलं. त्यांनी मान हलवली. तहान नाही म्हणाले. एप्रिलचा महिना होता.

तिने ट्रंकेकडे पाहिलं आणि कोण चाललं म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यावर तिने जे प्रश्न विचारले ते क्रमाने आणि नेमके होते. शेवटचं कधी झालं, त्याच्या आदल्या दिवशी काय खाल्लं होतं, आता काय खातात, दुखतं ते कुठे. इसबगोलचा डबा तिने हातात घेऊन हलवला. अर्ध्याहून जास्त रिकामा होता. यावर पाणी किती पितात, असं तिने मला विचारलं. मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी ते विचारलं नव्हतं आणि मीही पाहिलं नव्हतं. उत्तर सासऱ्यांनी दिलं. दोन घोट.

"बाय, मिठागराची माती बघितलीस?" ती मला म्हणाली. "पानी हाय तवर लोनी. पानी काढलं का दगड. तू याच्या पोटात भुस्सा भरलास, नि पानी दिलंच नाय."

मी म्हटलं, पाणी घरात आहे, पिंप भरलेलं आहे, त्यांना कोणी अडवलेलं नाही.

"म्हातारबा, पान्याशी काय भांडन तुजं?" तिने विचारलं.

सासरे तांब्या उचलून पिंपावर ठेवायला वळले. मग माझ्याकडे न पाहता तिला म्हणाले, "आठ बादल्या चढवते ती. मी आत गेलो का एक बादली जाते. मी नाय गेलो तर सातांत भागतं."

मी ते तपासलं. संडासाबाहेरची बादली आठवडाभर रोज संध्याकाळी भरलेलीच असायची. ती मी माझी काटकसर समजत होते. पिण्याच्या पाण्याचं पिंप दुपारपर्यंत अर्ध्यावर यायचं, ते आता रात्रीपर्यंत पुरत होतं. शनिवारी आणि रविवारी त्यांना शौचाची भावना झाली होती, हे त्यांनीच मग सांगितलं. दोन्ही दिवस त्यांनी ती परतवली. सोमवारपासून ती आलीच नाही. पाणी कमी प्यालं की जावं लागत नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी तो कोणाला सांगितला नव्हता, आणि पहिले दोन दिवस सोडले तर शरीराने तो तंतोतंत पाळला होता. ज्याच्यावर मी दोन चमच्यांचे तीन चमचे करून उपाय शोधत होते, ते एका माणसाने ठरवून केलेलं होतं.

मावशी हलली नाही. "शाना हायस," ती त्यांना म्हणाली. "सुनेची एक खेप वाचवलीस. आता ती तुला दवाखान्याच्या पायऱ्या चढवल."

सासरे हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

मग तिने सांगायला सुरुवात केली. इसबगोल बंद. साबुदाणा, पाव, बिस्कीट बंद. टोपलीतून तिने मायाळूच्या दोन जुड्या काढल्या. जाड, बुळबुळीत पानं. मुगाच्या डाळीत शिजवून, तिखट न घालता द्यायची. लाल तांदळाची पातळ पेज दोन वेळा. पिकलेली पपई. काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी त्याच पाण्यासकट. उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी, आणि मग दिवसभर थोडं थोडं, मागितलं नाही तरी द्यायचं. दुपारी पोटात कळ येईल, घाबरायचं नाही, पण उलटी झाली तर आपली वाट न बघता डॉक्टरकडे न्यायचं.

एवढं सांगून ती उठली, आणि टोपली डोक्यावर घेण्याआधी आत आली. मोरीत मी तांदूळ धुतलेलं पाणी ओतलेलं होतं. तिने नुसतं बोट दाखवून विचारलं, "हे कुटं चाललं?"

त्या दिवशी मी मोरीत दुसरं पिंप ठेवलं. तांदूळ-डाळ धुतलेलं, कपडे पिळलेलं, आंघोळीचं पाणी त्यात जमा केलं. संध्याकाळी मोजलं. साडेतीन बादल्या भरल्या. आठवडाभर मी रोज एवढं पाणी मोरीत सोडत होते, आणि तीन हातांवर बसलेला माणूस एका बादलीसाठी स्वतःला आवळून धरत होता.

सासऱ्यांनी ते पिंप वाकून पाहिलं. संडासात ओतायला हे पाणी चालेल का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. चालेल, मी म्हटलं. त्यानंतर त्यांनी पहिला पूर्ण तांब्या माझ्यासमोर प्यायला.

शुक्रवारी काही झालं नाही. ट्रंक दारापाशीच होती. शनिवारी सकाळी पोट वाजू लागलं, ते बाहेरच्या खोलीत ऐकू येत होतं. दुपारी, नवरा पाळीवरून आल्यावर, कळ आली. ते भिंत धरून उभे राहिले, चेहरा पांढरा पडला. नवरा चपला घालून रिक्षा बघायला निघाला, तेव्हा त्यांनीच त्याला थांबवलं. उलटी झाली नाही ना, मग बस खाली, असं ते म्हणाले. कळ ओसरली. मग ते गॅलरीत फेऱ्या मारू लागले. मी पेज घेऊन गेले तेव्हा चाळीस झाल्या होत्या. एका गुडघेदुखीच्या माणसाने चाळीस फेऱ्या मारल्या होत्या आणि तो मोजत होता.

रविवारी नवऱ्याला सुट्टी होती. नऊची गाडी गाठायची तर साडेसातला निघायला हवं होतं. सहाला दहा कमी असताना सासरे उठले, कोमट पाणी प्याले, मनुका खाल्ल्या. नवरा पाणी भरायला खाली गेला. सहा वाजून दहा मिनिटांनी ते संडासात गेले आणि कडी लावली.

नवरा पहिली बादली घेऊन वर आला आणि ती दारातच ठेवून आत आला. आम्ही दोघे स्वयंपाकघरात होतो. चहा उतू गेला तरी मी गॅस बंद करायला उशीर केला. आधी काहीच ऐकू येत नव्हतं. मग पाणी ओतल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला.

सतरा मिनिटांनी ते बाहेर आले. कपाळावर घाम होता. हात धुतले, टॉवेलला पुसले, आणि मुलाला म्हणाले, "दोन बादल्या लागल्या. मोरीतल्याच हायत."

नऊची एसटी त्यांनी धरली नाही. नेरूळच्या त्या घरात ते १९८८ पर्यंत राहिले.