मशीन म्हणाली, झटका नको

मी मोहर्लीला सफारीची गाइड आहे. पहिली पाच वर्षं मी एकाच जिप्सीत बसले आणि ती चालवणाऱ्याला भाऊ म्हणत आले. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. पर्यटकांनी कितीही घाई केली तरी जंगलात गाडी पळवायचा नाही.

मे महिन्यात एकदा सकाळची फेरी आटोपून आम्ही पर्यटकांना त्यांच्या रिसॉर्टवर उतरवलं. भाऊची बायको, आमची वहिनी, तिथल्याच स्वयंपाकघरात कामाला होती. तिनं आम्हाला ताक आणून दिलं. भाऊनं पेला हातात घेतला, "मळमळून राह्यलं," एवढंच म्हणाला आणि उभ्याचा आडवा झाला.

वहिनीच्या ओरडण्यानं मॅनेजर धावत आला. भाऊचे डोळे अर्धे उघडे होते आणि घशातून थांबून थांबून घोरल्यासारखा आवाज येत होता.

"ऊन लागलं त्याले," मॅनेजर म्हणाला. "श्वास चालू हाय. पाणी मारा."

आम्ही पाणी मारलं, तळपाय चोळले. किती वेळ गेला कोण जाणे. मग एकदम आठवलं, गाइडच्या प्रशिक्षणात नर्सबाईंनी रबरी पुतळ्याजवळ बसून अगदी असाच आवाज काढून दाखवला होता आणि आम्ही सगळे हसलो होतो. "हसू नका," त्या म्हणाल्या होत्या. "हा श्वास नाही. हे शेवटचे आचके आहेत."

मी भाऊच्या छातीवर तळहात ठेवून दाबायला लागले. "रिसेप्शनवरची पेटी आणा! ती हार्टवाली!" मॅनेजर पळाला. पळता पळताच त्यानं रुग्णवाहिकेला फोन लावला. ती दुसरा रुग्ण घेऊन गेली होती, यायला तास लागणार होता.

पेटी उघडताच आतली झटका देणारी मशीन हिंदीत बोलू लागली. मी भाऊचा शर्ट फाडला आणि ओढणीनं छातीचा घाम पुसला, कारण ओल्या अंगावर मशीनच्या पट्ट्या चिकटत नाहीत. पट्ट्यांवरच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे एक पट्टी उजव्या खांद्याखाली लावली, दुसरी डाव्या बरगड्यांवर. मशीन म्हणाली, मरीज़ को न छुएं. वहिनी त्याचा हात सोडेना. मॅनेजरनं तिला अक्षरशः ओढून मागं नेलं.

अशा वेळी हृदय बहुतेकदा एकदम बंद पडत नाही, ते नुसतं थरथरतं आणि त्या थरथरीतून रक्त पुढे जात नाही. मशीन ती थरथर ओळखते. झटक्यानं ती थांबली, तर हृदयाला पुन्हा आपला ठोका धरायची संधी मिळते. मशीननं झटका द्यायला सांगितलं, दिवा लुकलुकला, मी बटण दाबलं आणि भाऊचं अंग उसळलं. मी लगेच पुन्हा छाती दाबायला घेतली. दोनेक मिनिटांनी तो कण्हला, आणि मानेशी बोट लावलं तर नाडी लागत होती.

तास थांबायचा धीर कोणातच नव्हता. रिसॉर्टच्या गाडीत मागच्या सीटा पाडून भाऊला निजवलं, मी आणि वहिनी त्याच्याशेजारी बसलो, मशीन लावलेलीच ठेवली आणि मॅनेजरनं गाडी चंद्रपूरकडे काढली. रुग्णवाहिका मोकळी झाली की तिनं वाटेत भेटायचं ठरलं.

गाव मागं पडून दहा मिनिटंही झाली नसतील, भाऊची मान कलली. नाडी नाही.

"गाडी थांबवा!"

"इथी? दवाखाना केवढा दूर हाय! थांबून काय करू?"

"हलत्या गाडीत मशीनले समजत नाई. थांबवा, मी म्हणते ना!"

त्यानं ब्रेक मारला. भर जंगलात, दोन्ही बाजूंनी बांबू, आत भट्टीसारखं तापलेलं. आपण थांबतोय तेवढा दवाखाना लांब जातोय, हे मलाही कळत होतं. मशीननं पुन्हा झटका द्यायला सांगितलं. मी दिला आणि दाबू लागले. हाताखाली बरगडी कडकन वाजली. तरी दाबतच राहिले. दोन मिनिटांनी मशीन पुन्हा म्हणाली, मरीज़ को न छुएं. मी हात उचलले.

झटका देने की ज़रूरत नहीं है.

मला वाटलं, संपलं. थरथर नसेल तर मशीन झटका देत नाही, आणि थरथरही गेली म्हणजे हृदय पार थंड पडलं, असं मी धरून चालले. मशीन पुढे काहीतरी सांगत होती, पण मी हात पुन्हा छातीवर ठेवलेच नाहीत, मागे टेकून बसले.

"काऊन थांबली?" वहिनी म्हणाली. तिनं माझी मनगटं धरून हात पुन्हा भाऊच्या छातीवर ठेवले. "कर ना व बाई. कर."

मी केलं. रडत केलं, मोजणी चुकत केलं. मॅनेजर स्टेअरिंगवर डोकं टेकवून बसला होता. मग भाऊ खोकला. त्याच्या हातानं माझा हात ढकलला, अगदी हळू, पण ढकलला. रुग्णवाहिका आम्हाला त्याच रस्त्यावर भेटली.

भाऊ वाचला. पुढे नागपूरला त्याचं ऑपरेशन झालं. आता तो गाडी चालवत नाही, बोलताना शब्द शोधत अडकतो आणि त्या दिवसाचं त्याला काहीच आठवत नाही. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. झटका नको, याचा अर्थ माणूस गेला असा नसतो, दाबत राहायचं असतं, हेही त्यांनी समजावलं. मी मान डोलावली आणि मी मधेच थांबले होते हे सांगितलं नाही.

वहिनीला मात्र बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. ती भाऊची औषधं डबीत लावत होती.

"मी सोडून दिलं होतं त्याले," मी म्हणाले. "मशीन म्हणाली झटका नको, अन् मले वाटलं गेला."

"मी मशीनचं ऐकतच नव्हती," ती म्हणाली. "तुझे हात पाहून राह्यली होती. मले वाटलं, तू थकली."